कस्तुराबाईंच्या पाटीवरचा एकशे पासष्ट

चाकणच्या कारखान्यांत एक कुजबूज बरेच दिवस फिरत होती. शिफ्ट सुटताना कँटीनमध्ये सुरू व्हायची आणि कंपनीच्या बसमध्ये बसून आकुर्डी, चिंचवड, थेरगाव अशी घरोघर उतरायची. ती अशी, की महाळुंग्याकडच्या नव्या फूड कोर्टात कस्तुराबाई पडवळांचा थालीपिठाचा जो गाळा आहे, त्याच्या पाटीवर छापलेला १६५ हा आकडा एका बाबांनी दिलेला आहे. हे बाबा म्हणे कुठल्याशा डोंगरावर बसतात, बोलत काही नाहीत, नुसते आकडे देतात. आकडा पाटीवर चढला आणि बाईंच्या गाळ्यापुढे रांग लागली. एका फिटरनं नव्या मोटरसायकलला १६५ मिळावा म्हणून आरटीओत खेटे घातले. थेरगावातल्या एका गृहस्थांनी तो आकडा असलेला मोबाइल नंबर घेतला आणि त्यांच्या भाच्याची रखडलेली सोयरीक जमली. पुढे ती मोडली, तेव्हा आकड्याचं नाव कुणी काढलं नाही.

मी ऐकत होतो आणि मान डोलवत होतो. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण चालत्या गप्पेला खीळ घालणं आपल्या रक्तात नाही. शिवाय खरं सांगायचं तर आधी अनंतराव मोघे सांगावे लागतात, आणि अनंतराव दोन वाक्यांत मावणारा माणूस नव्हे.

अनंतराव आमच्या चिंचवडच्या सोसायटीत माझ्या डोक्यावर राहतात. मी पहिल्या मजल्यावर, ते दुसऱ्या. त्यांची सगळी नोकरी एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली. काम काय, तर जी वस्तू कारखान्यात बनायची ती आधी कागदावर काढायची. पुढून कशी दिसते, वरून कशी, बाजूनं कशी, मधोमध कापली तर आतून कशी. आणि प्रत्येक रेघेला माप द्यायचं. त्यांचा धर्म एवढाच: रेघ आहे तिथे माप पाहिजे. बिनमापाची रेघ दिसली की त्यांना बिनकुंकवाची पत्रिका हातात आल्यासारखं व्हायचं.

असा माणूस रिटायर झाला की घरच्यांचं काय होतं ते त्यांच्या बायकोला, शैलावहिनींना विचारा. पहिल्याच गणपतीत त्यांनी वहिनींना मोदकाचं ड्रॉइंग करून दिलं. कळ्या किती, दोन कळ्यांमधला कोन किती, पारीची जाडी किती. वहिनींनी ते नीट पाहिलं, “छान आहे हो” म्हणाल्या आणि मोदकांचं ताट त्यावर ठेवलं, टेबल चिकट होऊ नये म्हणून. दिवाळीत त्यांनी रांगोळीला मापं दिली. शेजारच्या मुली ठिपके सोडून पळून गेल्या.

त्यांची लेक, नाव पूर्वी, बंगळुरूला असते. आईची सुटका व्हावी म्हणून तिनं एकदा फोनवर सुचवलं, “बाबा, तुम्ही लोकांना लोगो काढून द्या ना. हल्ली वडेवाल्यालाही लोगो लागतो.” पोरगी आईसाठी बोलली होती, बापानं मनावर घेतलं. दाराबाहेर पाटी लागली: ‘अनंत लोगो’. त्या पाटीवरसुद्धा कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘सुधारणा क्रमांक ३’. एक सुधारणा स्पेलिंगची असेल असं मी समजलो. नाही. तिन्ही सुधारणा पाटीच्या स्क्रूंच्या होत्या.

पहिलं गिऱ्हाईक आलं ती थेरगावची पिंकी. डांगे चौकाजवळ तिचं ब्यूटी पार्लर. तिला हवा होता बाईचा सुंदर चेहरा. अनंतरावांनी काढला, आणि सवयीनं अर्धा छेद घेतला. म्हणजे डावीकडे डोळा, भुवई, गाल, सगळं रंभेसारखं. आणि उजवीकडे चेहरा मधोमध कापलेला, कापलेल्या भागावर तिरक्या तिरक्या रेघा. पिंकी खुर्चीवरून उठली ती थेट जिन्यात. “काका, माझ्याकडे फेशियल करतात हो, पोस्टमॉर्टेम नाही!”

दुसरं गिऱ्हाईक ट्यूशनवाले मास्तर. त्यांना घुबड हवं होतं, विद्येचं प्रतीक म्हणून. त्यांना तीन घुबडं मिळाली: पुढून, वरून आणि बाजूनं. बाजूच्या घुबडाला पलीकडचा डोळा तुटक रेघेनं दाखवलेला. “तो तिथे आहे, पण दिसत नाही,” अनंतरावांनी समजावलं. मास्तर म्हणाले, “माझ्या वर्गातली निम्मी मुलं अशीच आहेत,” आणि गेले ते गेलेच.

यानंतर दाराची बेल वाजायची ती दुधवाल्याची. अनंतराव बाल्कनीत बसून समोरच्या गुलमोहराच्या फांद्यांचे कोन मोजायला लागले. वहिनी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “नाना, यांना कुणीतरी काम द्या हो. काल माझ्या पोळीला मायक्रोमीटर लावलं.”

आणि मग आल्या कस्तुराबाई.

कस्तुराबाई मूळच्या खेड तालुक्यातल्या. अनंतरावांच्या कंपनीच्या गेटाबाहेर त्यांची थालीपिठाची हातगाडी होती. पहिल्या शिफ्टचा नाश्ता आणि दुसऱ्या शिफ्टची भूक, दोन्ही त्या गाडीवर भागायची. अनंतराव तिथले नेहमीचे. पुढे रस्ता रुंद झाला, गाड्या उठल्या. नंतर तिथल्या औद्योगिक वसाहतीच्या ऑफिसनं एक फूड कोर्ट बांधलं आणि जुन्या गाडीवाल्यांना एकेक गाळा देऊ केला. कस्तुराबाईंचं नाव लागलं. पण अटी होत्या. गाळ्यावर छापील पाटी हवी, पाटीवर नाव आणि लोगो. माणसाचा फोटो नको, कारण या भागात फोटो लावायचा म्हटलं की दादा, भाऊ, दादांचा भाचा, सगळेच लागतात आणि नाव लिहायला जागा उरत नाही. देवाचा फोटो नको. आणि लोगो बघून धंदा कसला ते कळलं पाहिजे. उद्घाटनाच्या सकाळी पाटी नसेल किंवा पसंत पडली नाही, तर गाळा वेटिंगवरच्याला. वेटिंगवर एक डोसेवाला होता आणि त्याची पाटी तयार होती. डोशाला त्यानं राजाचा मुकुट घातला होता.

बाई आल्या त्या पितळी डबा घेऊनच. मी तेव्हा योगायोगानं तिथेच होतो. डब्यांचा वास येतो तिथे माझा योगायोग असतोच.

“मोघेसायेब,” त्या म्हणाल्या, “गाडी उठल्यापास्नं मी एका मेसवाल्याकडं पोळ्या लाटती. दुसऱ्याच्या तव्यावर हात भाजून घ्यायचा कंटाळा आला बगा. भाजायचाच, तर आपल्या तव्यावर भाजू दे. तुमी तेवडं चित्र काडून द्या.”

अनंतरावांनी डबा उघडला. थालीपीठ बाहेर काढलं. मला वाटलं आता तुकडा मोडतील. त्यांनी व्हर्नियर कॅलिपर काढला.

“या बाजूनं एकशे अठ्ठ्याहत्तर. या बाजूनं एकशे एक्काहत्तर. बाई, हे गोल नाही.”

“हातानं थापलंय, सायेब.”

“आणि ही भोकं? मधे एक, भोवती पाच. पाचांमधली अंतरं समान नाहीत.”

“माजी बोटं हायत ती, डिरिल न्हाई!”

“भोकं कशासाठी आहेत?”

“तेल सोडाया. भोकं न्हाई पाडली तर मधी कच्चं ऱ्हातं.”

“म्हणजे कार्यात्मक आहेत,” अनंतरावांचा चेहरा उजळला. “नुसती शोभेची नाहीत.” त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं. तेवढ्यात मी थालीपीठ संपवलं. त्यांनी वर पाहिलं, मग रिकामा डबा पाहिला. “नाना, तो नमुना होता!”

“होता,” मी म्हणालो. “उत्तम होता.”

लोगो लांबून ओळखू आला पाहिजे, हे कुठंसं वाचून पूर्वीनं बापाला सांगितलं होतं. म्हणून ठरलं असं, की अनंतराव कागद बाल्कनीतून खाली धरणार आणि मी सोसायटीच्या गेटपाशी उभा राहून काय दिसतं ते ओरडून सांगणार. वॉचमनला वाटलं, आमचं भांडण लागलंय.

पहिला कागद आला. त्यात चूल होती, तवा होता, थालीपीठ होतं, ठेच्याची वाटी होती, ताकाचा ग्लास होता, पिठाची परात होती आणि कस्तुराबाईंचा हात होता. प्रत्येक वस्तूला बाण, बाणाच्या टोकाला गोल, गोलात नंबर आणि खाली भागांची यादी.

“काय दिसतं?” वरून आवाज.

“कार्बोरेटर!” मी खालून.

कस्तुराबाई वरच होत्या. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “ह्यात मी कुटं हाय?”

“आयटम नंबर सात.”

“सात?” बाई कडाडल्या. “धंदा माजा, हात माजा, अन् मी ताकाच्या ग्लासाच्या मागं?”

दुसऱ्या कागदावर त्यांनी सगळं काढून टाकलं. फक्त थालीपीठ ठेवलं, पण छेद घेऊन. आता थालीपीठ आडवं कापून बाजूनं पाहिलं तर उरतं काय? एक रेघ.

“काय दिसतं?”

“वजाबाकी!”

“धंद्याच्या पाटीवर वजाबाकी?” वरून कस्तुराबाईंचा आवाज आला. गेटाबाहेर भाजी घेणाऱ्या बायका थांबून वर बघायला लागल्या. “सायेब, तुमी कदी थालीपीठ बाजूनं खाल्लंय का? वरनं बगत्यात ते! ताटात पडल्यावर जसं दिसतं तसं काडा की!”

खरं सांगतो, लोगोविषयी याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही. अनंतरावांनाही ते पटलं, पण चेहऱ्यावर त्यांनी ते दिसू दिलं नाही. ते फक्त “तिसऱ्या दृश्याचा विचार करतो” म्हणाले आणि दार लावून बसले. त्या आठवड्यात मोघ्यांकडचं सगळं बिघडलं. वहिनींना स्वयंपाकघरातली एकेक गोष्ट शोधत फिरावं लागे, डब्याला झाकण सापडेना, पोहे सादळले, आणि आत गेलं की अनंतराव दोन्ही हातांनी कागद झाकून धरत.

तिसरा कागद आला. एक स्वच्छ, काळा, ठसठशीत गोल. मधे एक भोक, भोवती पाच, अगदी समान अंतरावर. बस्स. मी गेटपाशी उभा राहून पाहिलं आणि मला बरं वाटलं. मग मी ओरडलो, “फ्लँज!”

ज्यांना कारखान्याचा वारा लागलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाइपाच्या टोकाला एक जाड लोखंडी चकती असते, तिला भोवती बोल्टांसाठी भोकं असतात, ती फ्लँज. आपल्या पट्ट्यात पोरगं आधी फ्लँज ओळखतं, मग आत्या. आणि फूड कोर्ट अशा जागी, जिथे खाणारा प्रत्येक माणूस दिवसभर हेच हाताळून आलेला.

“फ्लँज नाही!” अनंतराव वरून, पण आवाजात दम नव्हता. “फ्लँजला पाच भोकं नसतात. चार, सहा किंवा आठ असतात.”

“मग चुकलेली फ्लँज!”

मी जिना चढून वर गेलो. उद्घाटन परवावर आलेलं, आणि बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या. “जाऊ द्या सायेब,” त्या म्हणाल्या. “तुमी लई कष्ट घेतले. मेसवाला म्हनलाच हुता, बाई तुझं काम पोळ्या लाटायचं.”

अनंतराव पांढरे पडले. मी त्यांना असं फक्त एकदा पाहिलं होतं, सोसायटीच्या टाकीचं झाकण चौकोनी बसवलं तेव्हा.

शैलावहिनी इतका वेळ ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी हात पुसले, येऊन कागद पाहिला. “अहो, नुसतं कोण खातं थालीपीठ? यावर लोणी कुठाय?”

“लोणी?”

“लोण्याचा गोळा घाला वर. मग बघू कोण फ्लँज म्हणतं.”

अनंतरावांनी पेन्सिल घेतली. कागदावर टेकवली. उचलली. पुन्हा टेकवली. कपाळावर घाम आला. “शैला, लोण्याला त्रिज्या काय धरू?”

“लोण्याला कसली आलीय त्रिज्या?”

“मग मी ते काढू कसं? लोणी गरम थालीपिठावर पडलं की ते स्थिर राहत नाही. कडा कुठली? माप कुठून घ्यायचं?”

वहिनी आत गेल्या. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. त्या चमचाभर लोणी घेऊन आल्या आणि तो चमचा त्यांनी सरळ त्या ड्रॉइंगवर उपडा केला. पच्च. अनंतरावांच्या तोंडून जो आवाज आला तो मी लिहू शकत नाही. गाईचं वासरू हरवल्यावर येतो तसा. लोणी मधल्या भोकाच्या जरा डावीकडे पडलं, पंख्याखाली थोडं पसरलं, एक ओघळ खाली सुटला आणि कागदावर तेलकट डाग उमटला.

“आता डागाभोवती पेन्सिल फिरवा,” वहिनी म्हणाल्या. “ती कडा.”

कस्तुराबाई हसायला लागल्या. त्या हसल्या ते तोंडाला पदर लावून नाही, चांगल्या खदाखदा. “वैनी, तुमी काडायचा हुता लोगो!”

अनंतरावांनी पेन्सिल फिरवली. आयुष्यातली पहिली बिनमापाची रेघ. हात थरथरत होता, पण त्या थरथरीनंच तो ओघळ खरा दिसायला लागला. नंतर त्यांनी ते सगळं स्वच्छ कागदावर उतरवलं आणि मी गेटपाशी गेलो. मी काही ओरडायच्या आत वॉचमनच म्हणाला, “नाना, भूक लागली राव.”

इथं खरं तर गोष्ट संपायची. पण कागद छापायला गेला तो डांगे चौकातल्या ज्योतीरामकडे.

ज्योतीराम फ्लेक्स छापतो. त्याचं एक तत्त्व आहे: गिऱ्हाइकानं दिलेल्या कागदातली एक रेघ इकडची तिकडे करायची नाही. हे तत्त्व त्याला एका वाढदिवसाच्या फ्लेक्सनं शिकवलं. शोभा यावी म्हणून त्यानं एका काकांचा फोटो जरा लहान केला होता. काका उंचीनं लहान असले तरी हातानं मोठे होते.

आणि अनंतरावांचं तत्त्व आपल्याला ठाऊक आहे. बिनमापाचं ड्रॉइंग ते कुणाच्या हातात देत नाहीत. लोण्यानं एकदा त्यांचा नियम मोडला होता. बाकीच्या गोलानं तरी तो पाळावा म्हणून त्यांनी छापायच्या कागदावर गोलाला दोन्हीकडून बाण लावले, मधे व्यासाचं चिन्ह, म्हणजे शून्याला मारलेली तिरकी रेघ, आणि पुढे १६५. शिवाय कारखान्याच्या प्रत्येक ड्रॉइंगखाली असते ती टीप, कस्तुराबाईंना कळावं म्हणून चांगल्या मराठीत: ‘सर्व मापे मिलिमीटरमध्ये. धारदार कडा घासून काढाव्यात.’ मापं ही छापणाऱ्याच्या माहितीसाठी असतात, छापण्यासाठी नसतात, हे जगातल्या कुणालाही कळतं अशी त्यांची समजूत.

ज्योतीरामनं सगळं छापलं. बाण, तिरकी रेघ, आकडा, टीप, सगळं. आठ फुटी पाटीवर.

उद्घाटनाच्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पाटी चढलेली होती. वर ठळक अक्षरात ‘कस्तुरा थालीपीठ’, शेजारी तो गोल, गोलावर पांढरंशुभ्र लोणी, वर १६५, आणि खाली सूचना, की धारदार कडा घासून काढाव्यात. ज्योतीराम हाताची घडी घालून अभिमानानं उभा. “काका, एक रेघ सोडली नाही बघा.”

मला वाटलं अनंतराव कोसळतील. ते कोसळले, पण भलत्याच कारणानं. “नाना,” ते माझा दंड धरून कुजबुजले, “गोल चार फुटांचा झालाय आणि माप तेच राहिलंय! हे खोटं माप आहे! शिडी आणा, मी बाजूला ‘प्रमाणात नाही’ असं लिहितो.”

“अहो, गप्प बसा,” वहिनी म्हणाल्या. “ते बघा, साहेब येताहेत.”

साहेब म्हणजे रणजीत, वसाहतीच्या ऑफिसातला तरुण अधिकारी. गाळे मंजूर करणारा तोच. स्वतः मेकॅनिकलचा इंजिनिअर. त्याच्या मागे दोन पावलांवर डोसेवाला, काखेत मुकुटवाली पाटी.

रणजीत थांबला. पाटी वाचली. परत वाचली. डोकं तिरकं केलं. “मोजमाप दिलंय, पण टॉलरन्स कुठाय? किती कमीजास्त चालेल?”

अनंतरावांनी तोंड उघडलं. वहिनींनी त्यांच्या पायावर पाय दिला.

“साहेब,” डोसेवाला मागून म्हणाला, “हे फॅब्रिकेशनचं दुकान वाटतंय. इथं खायचं काय, वॉशर?”

रणजीत विचारात पडला. “बाई, नियम आहे. लोगो बघून धंदा कळला पाहिजे. हे मला तरी…” त्यानं पुन्हा पाटीकडे पाहिलं.

कस्तुराबाई तव्यापाशी उभ्या होत्या. तवा तापला होता, त्यांच्या स्वतःच्या चुलीवर, गाडी उठल्यापासून पहिल्यांदा. हात थापायला उचललेला तसाच राहिला. “सायेब,” त्या म्हणाल्या, “तुमाला न्हाई कळलं तर खाणाऱ्याला इचारा. खाणारं तुमी हाय का त्ये कामगार?”

रणजीत हसला. “ठीक.” तेवढ्यात रात्रपाळी सुटून माणसं यायला लागली होती. त्यानं पुढच्याच ऑपरेटरला हाक मारली. “भाऊ, ही पाटी बघ. हे काय आहे?”

ऑपरेटरनं वर पाहिलं. “फ्लँज, साहेब.”

डोसेवाल्यानं काखेतली पाटी हातात घेतली. अनंतरावांनी डोळे मिटले.

“एकशे पासष्टची फ्लँज,” ऑपरेटर पुढे वाचत होता. “पण पाच भोकं?” तो दोन पावलं पुढं गेला. “आणि राव, फ्लँजवर लोणी कोण लावतं?” मग त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी पाहिलं. नाकपुड्या आधी हलल्या, की डोळे आधी चमकले, सांगता येणार नाही. “आयला, थालीपीठ! गेटावरच्या मावशींचं थालीपीठ! ए भावा, मावशी आल्या रे!” आणि तो मागं वळून सगळ्या शिफ्टला हात करायला लागला.

रांग लागली. रणजीतनं कागदावर सही केली आणि रांगेत उभा राहिला. डोसेवाल्याला पुढच्या महिन्यात शेजारचा गाळा मिळाला. मुकुट अजून आहे.

आता आकड्याचं. चाकणच्या माणसाला माप दिसलं आणि त्यानं ते तपासलं नाही, असं होत नाही. दुसऱ्या दिवसापासून लोक खिशात व्हर्नियर घालून यायला लागले. थालीपीठ ताटात पडलं की आधी माप, मग घास. एकशे अठ्ठ्याहत्तर. एकशे चौऱ्याहत्तर. एकशे ऐंशी. एकशे पासष्ट कधीच नाही. क्वालिटी डिपार्टमेंटचे दोघे तर मुद्दाम येऊन “रिजेक्ट! मावशी, अजून एक द्या” म्हणत आणि रिजेक्ट माल संपवून जात. कस्तुराबाईंनी त्यांना एकदा झापलं, “माप पायजे तर कंपनीत जावा. हितं पोट भराया यायचं!” तरी बाई मनातून खूश.

पण आकडा राहिलाच. थालीपिठाचा नाही, तव्याचा नाही, ताटाचाही नाही. व्यासाचं चिन्ह सगळ्यांना कळत होतं, पण व्यास कशाचा ते कुणालाच कळेना. जिथे इंजिनिअरांना उत्तर सापडत नाही तिथे बाबा सापडतात. तिथून ती कुजबूज निघाली.

लोक अनंतरावांना विचारत. ते गंभीर होऊन “तो डिझाइनचा भाग आहे” म्हणत आणि विषय बदलत. आता त्यांच्याकडे कामं येतात; पिंकीसुद्धा परत आली, तिला सबंध चेहरा मिळाला. मापं काढून टाकलेली नवी पाटीही त्यांनी स्वखर्चानं छापून घेतली आहे. ती गुंडाळी कपाटामागे उभी आहे, कारण कस्तुराबाईंनी बजावलंय, “पाटीला हात लावाल तर उलथनं हाय माज्या हातात.” वहिनींना मी एकदा हळूच विचारलं, तेव्हा त्यांनी फडताळाकडे बोट दाखवलं.

अनंतरावांचा कंपास तेवढा मोठा उघडत नव्हता. १६५ हा शैलावहिनींच्या पोह्यांच्या डब्याच्या झाकणाचा व्यास आहे.